खान्देशात चेनिन ब्लांक लावताय? ब्रिक्सच्या आधी आंबटपणा बघा

पिंपळनेर भागातल्या एका भाऊंनी विचारलंय. चार एकर मुरमाड माळरान आहे, डाळिंब होतं ते तेल्या रोगाने गेलं म्हणून काढून टाकलं, विहीर आहे, ठिबक आहे. नाशिककडच्या एका वायनरीचा माणूस येऊन सांगून गेला की चेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाईनची द्राक्षजात लावा, माल आम्ही घेऊ. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर टक्क्यांत, आणि त्यांचा प्रश्न असा की "नाना, आपल्याकडे ऊन भरपूर, मग ब्रिक्स आरामात येईल ना? किती ब्रिक्सपर्यंत नेता येईल, आणि जितकं गोड तितका भाव जास्त का?" सोबत अजून दोन गोष्टी विचारल्यात, खायच्या द्राक्षाचंच शेड्यूल चालेल का, आणि ही वाईन लागते तरी कशी.

भाऊ, उत्तर लांब होईल पण चार एकरचा आणि पंधरा-वीस वर्षांचा मामला आहे म्हणून सविस्तरच लिहितो. मी बागलाण-दिंडोरी पट्ट्यात वायनरीच्या करारावरच्या बागा बघत आलोय आणि साक्री तालुक्यात आमची स्वतःची चेनिन उभी आहे, त्यामुळे जे सांगतोय ते त्या अनुभवावरून.

आधी तुमचा प्रश्न जरा बदलून मांडतो. साखरेची काळजी तुम्ही करूच नका. धुळे-नंदुरबारच्या उन्हात पान निरोगी असेल आणि वेलीवर माल प्रमाणात ठेवला असेल तर २१-२२ ब्रिक्स येतोच, नाही आला तर पानात किंवा मालाच्या ओझ्यात गडबड आहे असं धरायचं. आपली अडचण उलटी आहे. मण्यात साखर चढत असते तेव्हा आंबटपणा उतरत असतो, आणि आपल्या हवेत तो फार झपाट्याने उतरतो. पांढऱ्या वाईनमध्ये लाल वाईनसारखा सालीचा तुरटपणा नसतो, रंग नसतो, तिला उभं धरणारी गोष्ट म्हणजे आंबटपणा. तो गेला की कितीही साखर असू दे, वाईन सपक लागते. म्हणून खरा प्रश्न असा आहे की तुमच्या शिवारात माल २१ ब्रिक्सला पोचेल त्या दिवशी मण्यात आम्ल किती शिल्लक असेल. जमीन, खुंट (ज्या मुळाच्या वेलीवर कलम करतात तो), छाटणीची तारीख, पानं काढणं, खतं, तोडणी, कराराच्या अटी, सगळं मी याच एका प्रश्नावरून ठरवतो.

हे असं का होतं ते थोडक्यात. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक उन्हाला बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक मात्र मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि जितकं तापमान जास्त तितकं लवकर जाळतो. दिवसाच नाही, रात्र गरम असेल तर रात्रीही जाळत राहतो. म्हणून नुसतं दुपारचं तापमान बघून काही कळत नाही, मणी पिकण्याच्या काळात रात्री किती उतरतंय ते बघावं लागतं. आणि इथे आपल्याला एक गोष्ट देवाने दिलीय. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येतेच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दिवसा छान ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, हा फरक पांढऱ्या द्राक्षाला फार मानवतो. पण फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा लागला की चित्र पालटतं, दुपार ३४-३५ वर जायला लागते, रात्रीचा गारवाही आटतो, मग आठवड्याभरात बागेतलं आंबट कुठे जातं ते कळत नाही.

आता चेनिनच का, तर त्यालाही कारण हेच. ही जात मूळची फ्रान्सच्या लॉयर नदीच्या खोऱ्यातली. आपण २१ अक्षांशावर आहोत, ते ४७ वर. तिथे थंड वर्षी चेनिन इतकी आंबट राहते की शेतकऱ्याची काळजी आपल्या बरोब्बर उलट असते, साखर येईल की नाही आणि आंबटपणा कमी होईल की नाही याची वाट बघत माल ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वेलीवर ठेवतात. त्याच एका द्राक्षापासून तिथे कोरडी वाईन होते, अर्धगोड होते, मधासारखी गोड होते, फसफसणारी स्पार्कलिंगही होते. वूव्रे नावाच्या गावाची चांगल्या वर्षाची चेनिन कित्येक दशकं तळघरात टिकते, ती मुख्यतः या आंबटपणाच्या जोरावर. जात मुळातच इतकी आंबट असल्यामुळे ती गरम मुलखात नेली तरी काहीतरी शिल्लक ठेवते. दक्षिण आफ्रिकेत आज सगळ्यात जास्त लागवड या जातीची आहे, तिथे तिला स्टीन म्हणत आलेत. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीसारख्या तापणाऱ्या खोऱ्यातही ती एकेकाळी भरपूर लावली गेली ती उन्हात आम्ल धरते म्हणूनच. आपल्याकडे नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली त्यात चेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या दोन पांढऱ्या होत्या, आणि तिथून नाशिक पट्ट्यात चेनिन रुळली. सोव्हिन्योंचा वास फार नाजूक, माझ्या बघण्यात आपल्यासारख्या ठिकाणी तो उन्हाने लवकर उडतो, त्यामुळे वायनरीने तुम्हाला चेनिन सुचवली ती योग्यच सुचवली असं माझं मत आहे.

पण गाव कोणतं यावर बरंच अवलंबून आहे हे आधीच सांगतो, कारण हे वाचून उद्या रावेर-चोपड्याचा कोणी लावायला निघेल. तापीकाठची खोल काळी जमीन, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंची, तिथे मी चेनिन लावा म्हणणार नाही. त्या जमिनीत केळी सोन्यासारखी येते, वेल मात्र नुसता माजतो, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मुळ्या गुदमरतात आणि पिकण्याच्या वेळी रात्र पुरेशी उतरत नाही. नवापूरकडे पाऊस जास्त, तिथे डाऊनी या बुरशीरोगाशी भांडता भांडता जीव जाईल. साक्रीचा पश्चिम भाग, पिंपळनेर, दहिवेल, डांगाच्या कडेकडेचा, सह्याद्रीच्या पायथ्याचा चढ-उताराचा मुलूख, हलकी निचऱ्याची जमीन, तिथे जमतं. तुमचं माळरान त्या पट्ट्यात बसतं. चाळीसगावच्या डोंगरकडेलाही काही जागा चांगल्या असाव्यात असं मला वाटतं, पण तिथे मी स्वतः चेनिन पिकवलेली नाही.

जमिनीचं ठीक झालं की पुढचा मुद्दा खुंट. चेनिन स्वतः जोरदार वाढणारी जात आहे, त्यात डॉगरीज नावाच्या खुंटावर कलम केलं आणि पाणी-खत खायच्या द्राक्षासारखं दिलं तर वेल आवरता आवरत नाही. ११० आर हा खुंट वाढ जरा आटोक्यात ठेवतो आणि मुरमात पाण्याचा ताणही सोसतो, त्यामुळे तुमच्या जमिनीला मी तोच घेतला असता. मात्र विहिरीच्या पाण्याचा आणि मातीचा रिपोर्ट आधी काढा, क्षार आणि चुनखडी जास्त निघाली तर खुंटाचा विचार बदलावा लागतो. फेब्रुवारीच्या आसपास खुंट लावला, पावसाळ्याच्या शेवटी कलम केलं, मग रिकट (खाली छाटून वेल पुन्हा फोडणं), ओलांडा (तारेवरचा आडवा फाटा), काडी तयार करणं, असं करत पहिला माल हातात यायला दोन वर्षं जातात आणि भरवशाचा माल तिसऱ्या वर्षापासून. तेवढे दिवस घर कशावर चालेल ते बघून ठेवा.

छाटणीची तारीख. इथे आपल्या भागात सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं. चेनिनला फळछाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण १३० ते १५० दिवस धरा. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटली तर माल मार्चच्या तोंडावर येतो, म्हणजे पिकण्याचे शेवटचे पंधरा-वीस दिवस नेमके उन्हात सापडतात आणि मघाशी सांगितलं तसं मॅलिक जळून जातं. सप्टेंबरच्या २० च्या आसपास छाटली तर फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माल तयार, पिकण्याचा काळ थंडीत, आंबटपणा टिकलेला. मग सरळ सप्टेंबरच का नाही, तर परतीचा पाऊस. पोंगा, म्हणजे कोवळा फुटवा, फुटायच्या वेळी आणि फुलोऱ्यात पाऊस सापडला की डाऊनी आणि गळ-कुज, घड हातात येण्याआधीच जातो. बागलाणचे लवकर छाटणारे अर्लीवाले हा जुगार दरवर्षी खेळतात कारण त्यांना भावाचं आमिष असतं, वाईनच्या दराला तेवढा जुगार परवडत नाही. मी काय करतो, तर प्लॉटचे दोन भाग पाडतो, अर्धा २० सप्टेंबरच्या पुढेमागे हवामानाचा अंदाज बघून आणि अर्धा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस लांबला तर एक भाग तरी वाचतो, नाही लांबला तर तोडणीला मजूर पुरतात आणि वायनरीच्या टाकीतही माल टप्प्याटप्प्याने जातो. छाटणी स्वतः सोपी आहे. थॉम्पसन या खायच्या द्राक्षाला फळ देणारे डोळे काडीवर वर असतात म्हणून सबकेन करा (काडी मधे छाटून बगलफूट घ्या), काडी लांब ठेवा हे सगळं असतं, चेनिनला खालच्या डोळ्यांनाही घड लागतात, ओलांड्यावर दोन-दोन डोळ्यांवर छाटलं तरी चालतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खायच्या द्राक्षाचं शेड्यूल. नाही चालत भाऊ, आणि जिथे जिथे मी चांगल्या शेतकऱ्याची चेनिन वायनरीत नापास झालेली पाहिली तिथे बहुतेक वेळा कारण हेच होतं. खायच्या द्राक्षात आपण मणी फुगवतो, जीए या वाढ-संजीवकात घड बुडवून डिपिंग देतो, खोडाची साल कडीसारखी काढून गर्डलिंग करतो, कारण गिऱ्हाईक आकार बघून घेतं. वाईनला बारीक मणी हवा, वास आणि चव जास्त करून सालीत आणि सालीलगतच्या गरात असते, मणी जितका फुगेल तितकं पाणी वाढेल. जीए, गर्डलिंग सगळं बंद. एकरी दहा-बारा टनाची सवयही सोडायची. चेनिनला माल भरपूर लागतो, वेल देते म्हणून ठेवत गेलात तर वाईन पाणचट होते, मी एकरी पाच-सहा टनांच्या वर जाऊ देत नाही, चांगल्या दर्जाच्या बाटलीसाठी वायनरी याहून कमी मागते आणि मागत असेल तर दर त्या हिशोबाने घ्या.

आणि पोटॅश. यावर जरा थांबतो कारण हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे मणी पाणी धरायला लागला की ०-०-५० हे पोटॅशचं खत सोडायचं हे अंगवळणी पडलंय, दुकानदारही तेच देतो, गोडी येते म्हणून. पण पोटॅशियम मण्यात गेलं की ते टार्टारिक आम्लाशी जोडी करतं, त्याचं क्षार बनून टाकीच्या तळाशी बसतं, रसाचा पीएच वर चढतो, म्हणजे आंबटपणाचा जोर कमी होतो. म्हणजे मॅलिक उन्हाने जाळलं आणि उरलेलं टार्टारिक आपण आपल्या हाताने पोत्यातून खत टाकून मारलं. वायनरीवाला रस तपासतो, ब्रिक्स २२, पीएच ३.७, आणि तोंड वाकडं करतो, शेतकऱ्याला वाटतं माझं इतकं गोड द्राक्ष यांना आवडत नाही म्हणजे भाव पाडायचा बहाणा आहे. बहाणा नसतो तो. पीएच ३.२ ला जेवढ्या केएमएसमध्ये (वाईन टिकवायला घालतात ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर) वाईन सुरक्षित राहते, ३.६ ला त्याच्या अडीचपट लागतं, नाहीतर वाईन लवकर तपकिरी पडते आणि जंतू लागतात. म्हणून पानदेठ परीक्षण करा आणि कमतरता दिसली तरच पोटॅश द्या, तेही लवकर, मणी मऊ पडल्यावर नाही.

पानांचं. आपल्याकडे ओळी शक्यतो उत्तर-दक्षिण धराव्यात आणि घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडची, सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढावीत. पश्चिमेकडची पानं तशीच ठेवायची, दुपारी तीनचं आपलं ऊन थेट मण्यावर पडलं की मणी तांबूस पडतो, साल कडवट होते, आणि तो कडवटपणा पांढऱ्या वाईनमध्ये लपत नाही. अजिबातच पानं काढली नाहीत तर आत भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. चेनिनचा घड घट्ट असतो, मणी एकमेकांना दाबून बसलेले, साल पातळ, त्यामुळे अवकाळी पाऊस झाला की आतून कूज सुरू होते आणि बाहेरून दोन दिवस कळतही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल तर विम्याचं काय ते तेव्हाच शिकलो आपण सगळे, विमा काढाच. भुरीसाठी गंधक चांगलंच आहे पण तोडणीच्या महिनाभर आधी बंद करा, मण्यावर राहिलेलं गंधक टाकीत यीस्टच्या तावडीत सापडलं की सडक्या अंड्याचा वास येतो. बाकी डाऊनी, मिलीबग, उडद्या हे तुम्ही डाळिंबावर आणि शेजाऱ्याच्या बागेत बघितलेलं आहेच, औषधांची यादी वायनरीकडून लेखी घ्या आणि तिच्या बाहेर जाऊ नका.

तोडणीची तारीख कशी ठरवायची ते आता. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स सगळेच बघतात, त्याने फक्त अर्धी गोष्ट कळते. जानेवारीच्या मध्यापासून मी दर तीन-चार दिवसांनी सकाळी ऊन चढायच्या आत बागेत फिरून शंभर-दीडशे मणी गोळा करतो, वेगवेगळ्या ओळीतले, दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि शेंड्याचे. चांगले दिसणारेच मणी तोडायचा मोह होतो, तो आवरायचा, न बघता हात घालायचा. मणी प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरडायचे, रस गाळायचा, ब्रिक्स बघायचा. मग १० मिली रस काचेच्या भांड्यात, थोडं डिस्टिल्ड पाणी, फिनॉलफ्थॅलीनचे दोन-तीन थेंब, आणि ब्युरेटमधून एन बाय टेन (०.१ नॉर्मल) कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडत भांडं हलवत राहायचं. प्रत्येक थेंबाला गुलाबी चमक येते आणि जाते, येते आणि जाते, आणि एका थेंबाला ती फिकट गुलाबी तशीच राहते. तिथे थांबायचं. जेवढे मिली लागले त्याला ०.७५ ने गुणलं की लिटरला किती ग्रॅम आम्ल ते कळतं. १० मिली लागले तर साडेसात ग्रॅम. कॉलेजात सायन्स केलेल्या कोणत्याही पोराला हे येतं, सामान धुळ्याला मिळतं, फार खर्चही नाही. एक साधा पीएच मीटरही घ्या.

साध्या, न फसफसणाऱ्या वाईनसाठी मला २०.५ ते २२ ब्रिक्स, आम्ल साडेसहा-सातच्या वर आणि पीएच ३.२ ते ३.४ असा माल हवा असतो. हे आकडे वहीत लिहीत गेलात की तुम्हाला दोन रेषा दिसतील, एक चढती एक उतरती, आणि एका टप्प्यावर उतरती एकदम घसरायला लागते. ती घसरण सुरू व्हायच्या आत तोडायचं, मग ब्रिक्स २२ च्या ऐवजी २०.८ का असेना. चवही घ्या, बी चावून बघा, तपकिरी आणि कुरकुरीत झालं असेल तर पिकलंय, हिरवं-चिकट असेल तर अजून नाही. आमच्याकडचे तोडणीवाले गंमत करतात, "गोड व्हयी ग्यात ना नाना, आते कसानी वाट दखतस?" कारण त्यांना तोंडात साखर लागते. आणि एखाद्या वर्षी उलटंही होतं, मला घाई असते आणि वायनरीवाला अजून चार दिवस थांबा म्हणतो कारण त्याची टाकी रिकामी नसते. ते चार दिवस फुकट नसतात, हे करारात कसं आणायचं ते खाली सांगतो.

तोडणी रात्रीच्या शेवटच्या प्रहरी सुरू करायची, डोक्याला बॅटरी बांधून, आणि आठ-साडेआठला संपवायची. जानेवारी-फेब्रुवारीची आपली पहाट गार असते, तेव्हाचा मणीही गार असतो. गरम मणी क्रेटमध्ये दाबला गेला की रस सुटतो, हवा लागते, रस्त्यातच तपकिरी पडायला लागतो. क्रेट गच्च भरायचे नाहीत. पिंपळनेरहून ताहाराबाद, सटाणा करत दिंडोरीकडे जायचं म्हणजे तीन-साडेतीन तास धरा, त्यामुळे माल आधी प्रीकूलिंगच्या थंड खोलीत टाकून रेफर म्हणजे थंड गाडीने पाठवता आला तर सगळ्यात चांगलं, नाहीतर गाडी पहाटेच सुटली पाहिजे आणि वायनरीच्या गेटवर उन्हात उभी राहता कामा नये. नाशिकच्या शेजारच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नाही, तुम्हाला आहे, म्हणून भाड्याचा खर्च कोणाचा ते आधी ठरवा.

वाईन लागते कशी, तर भाऊ, तुम्ही लावणार असाल तर एकदा चाखून बघाच. वायनरीत माल आला की प्रेसमध्ये हळू दाबतात, रस थंड करून रात्रभर निवळू देतात, मग स्टीलच्या टाकीत १३ ते १६ अंशाच्या आसपास यीस्ट टाकून सावकाश आंबवतात, थंड ठेवल्यामुळे फळाचा वास राहतो. २१ ब्रिक्सची सगळी साखर आंबली तर अल्कोहोल १२ टक्क्यांच्या जवळ येतं. आपल्या देशातल्या बऱ्याच चेनिनमध्ये मात्र आंबवणं मधेच थंडी देऊन थांबवतात आणि थोडी साखर ठेवतात, कारण आपल्या लोकांना पहिल्यांदा पिताना किंचित गोड आवडते आणि आपल्या तिखट जेवणासोबत ती बसते. वास पेरूचा, पेअरचा, खरबुजाचा, कधी अननसाचा, थंडगार म्हणजे ८-१० अंशावर प्यायची. गोडी ठेवलेल्या वाईनला तर आंबटपणा अजूनच जास्त लागतो, लिंबू कमी पडलेलं सरबत कसं नुसतं साखरपाणी लागतं तशी ती होते नाहीतर. आपलं हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी यासोबत किंचित गोड चेनिन मला फार आवडते, तेलाची झणझणीत शेवभाजी मात्र कोणत्याही पांढऱ्या वाईनला दाबून टाकते. घरी करून बघायचा विचार असेल तर करू नका, राज्य उत्पादन शुल्कच्या परवान्याशिवाय ते चालत नाही.

एक गोष्ट त्या वायनरीच्या माणसाला आवर्जून विचारा, स्पार्कलिंगसाठी माल घेता का. स्पार्कलिंगला द्राक्ष लवकर तोडतात, साधारण १८-१९ ब्रिक्सला, आम्ल आठच्या वर असताना. आपल्या हवेचा विचार केला तर हे खान्देशला फार सोयीचं आहे, जानेवारीतच माल बाहेर, उन्हाची भीती नाही, अवकाळीत सापडायची शक्यता कमी. नाशिक भागात चेनिनचा असा उपयोग होतोच. दर ब्रिक्सवर ठरलेला असेल तर यात तुमचं नुकसान होईल, तेव्हा दर आधी वेगळा ठरला पाहिजे.

आता करार, आणि हे नीट वाचा. चेनिन ही बियांची, घट्ट घडाची, पातळ सालीची जात. वायनरीने नाकारली तर बाजार समितीत तिला गिऱ्हाईक नाही, बेदाणा होत नाही. थॉम्पसनवाल्याला निर्यात नाही तर लोकल, लोकल नाही तर बेदाणा असे रस्ते असतात, तुम्हाला एकच रस्ता आहे. २००१ ला राज्याचं वाईनचं धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, लोकांनी उत्साहाने वाईनची द्राक्षं लावली, आणि २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी बसली तेव्हा कित्येकांचा माल वेलीवर राहिला, अनेकांनी बागा तोडल्या. आमच्याही ओळखीतल्या बागा गेल्या. तेव्हा तोंडी "माल आम्ही घेऊ" यावर चार एकर लावू नका.

लेखी करार किमान सात-आठ वर्षांचा मागा. त्यात दर वर्षी किती टन उचलणार ते हवं आणि न उचलल्यास भरपाई हवी. दर नुसत्या ब्रिक्सवर नको, ब्रिक्सचा पट्टा आणि त्यासोबत आम्ल किंवा पीएच असा हवा. जिथे २३ ब्रिक्सला सगळ्यात जास्त भाव लिहिलाय तिथे शेतकरी माल पिकू देत राहतो आणि वाईन बिघडते, दोघांचंही नुकसान, चांगली वायनरी हे ऐकून घेते. नमुना दोघांनी मिळून घ्यायचा आणि रिपोर्टवर दोघांची सही. तोडणीची तारीख नमुन्यावरून ठरेल, आणि माल तयार असूनही वायनरीने थांबवलं तर त्यानंतर उतरलेल्या आम्लाची किंवा घटलेल्या वजनाची कपात शेतकऱ्याकडून होणार नाही, हे वाक्य घालून घ्या, मघाशी म्हटलं ते हेच. पैसे किती दिवसांत तेही लिहून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर चारही एकर एकदम लावले नसते. दीड एकर लावला असता आणि बाकीच्यात कांदा-मका चालू ठेवला असता, दोन हंगाम रसाचे आकडे बघितले असते आणि वायनरी पैसे वेळेवर देते का ते बघून मग पुढे गेलो असतो. या डिसेंबर-जानेवारीत एक करा, साधा कमाल-किमान थर्मामीटर शेतात सावलीला टांगा आणि फेब्रुवारी अखेरपर्यंत रोजचे दोन आकडे लिहा, गावातलं तापमान आणि माळावरचं तापमान सारखं नसतं. तीन फुटांचा खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो त्याचा फोटो, माती-पाण्याचा रिपोर्ट, आणि कराराचा मसुदा मिळाला तर नावं झाकून तोही इथे टाका, सही करायच्या आधी. खुंटाचं आणि ओळींच्या अंतराचं मग नेमकं सांगता येईल.